जुन्या ॲटलास सायकलचे गंजलेले पार्ट घरी साफ केले, त्याची सगळी हकीकत

गंज कशाने काढू असं कोणालाही विचारा, लगेच व्हिनेगर, लिंबू, कोल्ड्रिंक, टॉयलेट क्लीनर अशी उत्तरं येतात. पण आधी बघायचं असतं ते गंजाखाली काय आहे. बाबांची जुनी ॲटलास पूर्ण उघडून तिचे पार्ट मी घरी साफ केले, आणि त्यात सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते हेच, म्हणून आधी तेच सांगते. हँडलवर क्रोम असतं, कॅरिअरवर रंग, चाकाच्या तारांवर जस्ताचा थर, छर्रे (चाक ज्यांच्यावर फिरतं त्या बारीक गोळ्या) आणि कोन (छर्ऱ्यांना जागेवर धरणारे निमुळते नट) कडक केलेल्या पोलादाचे, आणि स्टँडचा पाय बघितला तर त्याच्यावर आता काहीच उरलेलं नाही, नुसतं लोखंड. सायकल एकच, गंजाचा रंगही सगळीकडे तोच तपकिरी, पण एका पार्टला जे चालतं ते दुसऱ्याची पार वाट लावतं.

सायकल म्हणजे आपली नेहमीची २८ इंची, काळी, रॉड ब्रेकवाली, म्हणजे ब्रेक तारेऐवजी सळ्यांनी लागतो ती. बाबा कसब्यातून खडकीला ॲम्युनिशन फॅक्टरीत वर्षानुवर्षं हिच्यावरून गेले. नंतर वाडा पाडून बिल्डिंग झाली, सायकल पार्किंगमध्ये जिन्याखाली गेली, आणि तिथे पावसाची झड थेट आत येते. सोसायटीने पार्किंग रिकामं करायचं ठरवलं तेव्हा मी बाबांना विचारलं, भंगारात द्यायची का? ते म्हणाले, "अगं फ्रेम सरळ आहे तिची. वरवरचा गंज आहे नुसता, एकदा टोचून तरी बघ." मग टोचूनच बघितलं. जाड स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने गंजलेल्या जागी जोर देऊन दाबायचं, टोक आत घुसलं तर खालचं लोखंड संपलंय, पापुद्रा उडून खाली कडक लागलं तर ते वाचतं. पाणी साचतं ते मुख्यतः क्रँकच्या (म्हणजे पायडल ज्याला लावलेलं असतं त्या दांड्याच्या) एक्सलचं नळकांडं, सीटचा पाइप जिथे फ्रेममध्ये जातो ती जागा, आणि मागच्या चाकाजवळचे दोन खालचे पाइप, या जागा सोडायच्या नाहीत. आमची सगळीकडे कडक निघाली. फ्रेममध्येच भोक पडलं असतं तर मी चालवायचा नाद सोडला असता, त्यावर रंग मारून चालवणं धोक्याचं आहे.

ती भंगारात न द्यायचं अजून एक कारण होतं. ॲटलास १९५१ मध्ये सोनीपतला सुरू झाली आणि साहिबाबादचा त्यांचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला, तो दिवस नेमका जागतिक सायकल दिन होता. या टाइपच्या सायकलचे साधे पार्ट अजून मिळतात, कोणत्याही कंपनीचे बसतात, पण खांद्यावर पृथ्वी घेतलेल्या माणसाचा तो पुढचा बिल्ला काही मिळणार नाही. शिवाय जुना पत्रा आणि जुनं क्रोम हातात घेतलं की फरक कळतो. त्यामुळे टाकून नवीन आणण्यापेक्षा जे वाचतंय ते वाचवायचं असं मी ठरवून टाकलं.

उघडायच्या आधी फोटो काढा, भरपूर काढा, रॉड ब्रेकच्या सळ्या आणि त्यांचे सांधे कसे बसलेत याचे तर सगळ्या बाजूंनी. मी तरीसुद्धा मध्येच कर्वेनगरच्या विक्रम पेंडसे सायकल म्युझियममध्ये जाऊन जुन्या रॉड ब्रेकवाल्या सायकली नीट बघून आले, पुण्यात राहून ही सोय आहे तर घ्यावी. उघडताना दोन गोष्टी लक्षात ठेवा, डावं पायडल उलट आट्याचं असतं, आणि क्रँकच्या एक्सलची उजव्या बाजूची म्हणजे चेनकडची वाटी (छर्रे जिच्यात बसतात ती) पण उलट आट्याची. नेहमीच्या दिशेने जोर लावत बसलं की ती अजून आवळते. प्रत्येक भागाचे नटबोल्ट आईस्क्रीमच्या वेगवेगळ्या डब्यात, आणि डब्यावर नाव.

नट अडकतात त्याचं कारण असं की गंज हा मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणजे आट्यांमधली फट तो भरून काढतो आणि नट आतून जाम होतो. म्हणून नुसता जोर लावून उपयोग नाही, तेल आत झिरपायला वेळ द्यावा लागतो. मी थोडं डिझेल आणि थोडं इंजिन ऑइल एकत्र करून लावलं, रात्रभर ठेवलं, सकाळी हातोडीने हलके ठोके दिले, परत लावलं. ठोक्याने गंज तडकतो आणि तेलाला वाट मिळते. बहुतेक सगळे नट असेच सुटले.

कॉटर पिनसाठी मात्र नाक्यावरच्या सायकलवाल्या काकांना घरी बोलावलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जुन्या सायकलचा क्रँक एक्सलवर एका निमुळत्या पिनीने धरलेला असतो, तिची एक बाजू सपाट असते आणि ती पाचरीसारखी घट्ट बसते. वर्षानुवर्षं पाणी गेलं की पिन, क्रँक आणि एक्सल तिन्ही एकजीव होतात. काका खाली बसले, पिनीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "ताई, नट पूर्ण काढायचा नाही. नट आणि पिनीचं टोक एका लेव्हलला ठेवायचं, म्हणजे मार नटावर पण जातो आणि आटे चेपत नाहीत." मग त्यांनी क्रँकच्या खाली जीआय पाइपचा (जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपचा) एक तुकडा उभा लावला, असा की पाइपच्या पोकळीत पिनीचा खालचा भाग येईल आणि क्रँकचं वजन पाइपवर बसेल. हे फार महत्त्वाचं आहे, आधार नसेल तर सगळा मार छर्ऱ्यांवर आणि वाटीवर जातो आणि तिथे खड्डे पडतात. मग जड हातोडीने एकच सरळ घाव. दहा हलके घाव मारले की पिन वाकते आणि आतच फुगते, एकच मारायचा पण मनापासून, असं त्यांचं म्हणणं, आणि पिन खरंच एका घावात खाली आली. सपाट बाजूवर एक खाच पडली होती, म्हणजे क्रँक बरीच वर्षं थोडा हलत होता. बाबा लगेच म्हणाले, "बघ, चढावर टक टक आवाज यायचा तो हाच." पिनी नवीनच घ्या, अगदी स्वस्त असतात, आणि बसवताना दोन्ही बाजूंच्या पिनी एकमेकींच्या उलट दिशेने घाला, नाहीतर दोन पायडल एका रेषेत येत नाहीत.

आता गंजाकडे येते. सगळे पार्ट पेपरवर मांडले आणि वाटे केले. उघडं लोखंड एकीकडे, क्रोम एकीकडे, रंगवलेले एकीकडे, आणि छर्रे, चेन, फ्रीव्हील (मागच्या चाकाचं दातेरी चक्र, पायडल थांबलं तरी चाक फिरू देतं ते), स्प्रिंगा हे वेगळे.

उघड्या लोखंडासाठी सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळतं ते लिंबू सत्त्व. मोठं पाकीट हवं असेल तर रविवार पेठेत बघा. आधी दोन गंजलेले वॉशर घेतले, एक व्हिनेगरमध्ये आणि एक सायट्रिकमध्ये टाकला. दोन्हीने गंज जातो, पण घरात मिळणारं व्हिनेगर म्हणजे साधारण ४ ते ५ टक्के ॲसेटिक ॲसिड, वास घरभर होतो आणि मोठा पार्ट बुडवायचा तर बाटल्याच्या बाटल्या लागतात. सायट्रिकला वास नाही, स्वस्त पडतं आणि प्रमाण आपल्या हातात राहतं. मी १ लिटर पाण्याला ५० ग्रॅम घेतलं, पाणी कोमट, प्लास्टिकचा टब. ॲल्युमिनियमचं पातेलं किंवा जस्ताची बादली अजिबात नको, ॲसिड भांड्यालाच खायला लागतं.

त्याआधी पार्ट तेलकट असेल तर भांडी घासायच्या लिक्विडने गरम पाण्यात स्वच्छ धुवा. ग्रीसच्या खाली ॲसिड पोचतच नाही, आणि मग तिथे तिथे गंजाचे ठिपके तसेच राहतात. लोक म्हणतात सायट्रिकने काम होत नाही, तेव्हा बऱ्याचदा हेच झालेलं असतं.

स्टँडचा पाय, एक्सलचे नट, सीटचा क्लॅम्प, मडगार्डच्या पट्ट्यांचे बोल्ट असं सगळं टबात बुडवलं. थोड्या वेळाने बारीक बुडबुडे यायला लागतात, पाणी हळूहळू पिवळट हिरवं होतं. मध्ये मध्ये काढून जुन्या टूथब्रशने घासायचं, सुटलेला गंज निघून गेला की खालच्या थराला ॲसिड लागतं. हलका गंज काही तासांत जातो, जाड पापुद्र्यांना रात्र लागते. विसरून ठेवून देऊ नका मात्र, गंज संपला की ॲसिड चांगलं लोखंड खायला लागतं आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. बाहेर काढल्यावर पार्ट चकचकीत नसतो, राखाडी असतो, वर एक काळपट मळ असतो तो ब्रशने निघतो.

आणि इथून पुढची पंधरा मिनिटं सगळ्यात महत्त्वाची. ॲसिडमधून निघालेलं लोखंड इतकं उघडं असतं की नुसतं पाण्याने धुवून ठेवलं तर बघता बघता त्यावर केशरी झाक चढते. म्हणून बाहेर काढायच्या आधीच सगळं तयार ठेवलेलं असायचं. एका बादलीत खायचा सोडा घातलेलं पाणी, त्यात बुडवलं की फसफसतं आणि उरलेलं ॲसिड मरतं. मग साधं पाणी. मग उकळतं पाणी वरून ओतायचं, पार्ट चांगला तापला की कापडाने पुसल्यावर उरलेला ओलावा आपोआप उडून जातो. आट्यांमध्ये आणि भोकांमध्ये हेअर ड्रायर. आणि गरम असतानाच शिवणयंत्राचं तेल, किंवा रंगवायचा असेल तर तेल न लावता त्याच दिवशी प्रायमर. मी हे काम मुद्दाम एप्रिलमध्ये काढलं, पुण्यात तेव्हा हवा कोरडी असते, गच्चीवर पार्ट चटकन वाळतात. जुलैमध्ये हेच करायचं तर पार्ट एकेक करूनच घ्या, टबातून सगळे एकदम काढू नका.

स्प्रिंगा, छर्रे आणि चेन यांना ॲसिडमध्ये टाकायचं नाही. कडक केलेल्या पोलादात ॲसिडमुळे हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होतं, बाहेरून काही दिसत नाही आणि एक दिवस ताण आला की तुटतं. सीटच्या मोठ्या स्प्रिंगा मी वायर ब्रश आणि डिझेलनेच साफ केल्या, वेळ लागला पण चांगल्या झाल्या. छर्रे सरळ नवीन घेतले, मागच्या हबला आणि क्रँकच्या एक्सलला १/४ इंचाचे लागतात. कोन नखाने तपासा, नख अडकेल असा खड्डा असेल तर कोन पण बदला, तो पॉलिश करून काही उपयोग नाही. चेन नवीन. फ्रीव्हील डिझेलमध्ये बुडवून फिरवत राहिलं तर आतली घाण बाहेर येते, मग जाडसर तेल. आमचं सुटलं, आणि त्याचा तो टिक टिक आवाज परत आला तेव्हा बाबा खुर्चीतून उठून बघायला आले.

तारांचं पण सांगते. तारांवर जस्त असतं आणि ॲसिड ते जस्त आधी खातं, गंज नंतर. म्हणजे जे लोखंडाला वाचवत होतं तेच आपण काढून टाकतो. तारा तेलाच्या फडक्याने एकेक धरून पुसल्या, जिथे गंज होता तिथे बारीक स्टील वूलने हलक्या हाताने, बस. ज्या तारा निपलजवळ (तार रिमला आवळणाऱ्या छोट्या नटाजवळ) बारीक झाल्या होत्या त्या बदलून घेतल्या.

आता क्रोम, माझं सगळ्यात आवडतं काम. हँडल, क्रँक, चेनव्हील (पायडलकडचं दातेरी चक्र), घंटी, रिम. हे सगळं बघून पहिल्यांदा वाटतं की क्रोम गेलंच. पण क्रोमचा वरचा थर फारच पातळ असतो, सहसा १ मायक्रॉनपेक्षाही कमी, त्याखाली निकेल आणि त्याखाली लोखंड. थरात जिथे जिथे बारीक छिद्रं असतात तिथून पाणी खाली जातं आणि लोखंडाचा गंज त्या छिद्रातून वर येऊन क्रोमवर पसरतो. म्हणजे दिसतो त्यातला बराचसा गंज क्रोमच्या वर बसलेला असतो, क्रोम त्याच्याखाली शाबूत असतं.

यासाठी स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल घ्या. फॉइलचा चुरगळून बोळा करायचा, पाण्यात बुडवायचा, आणि जोर न लावता घासायचं. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असतं त्यामुळे ओरखडे पडत नाहीत, उलट घासताना एक काळपट पेस्ट तयार होते आणि तीच पॉलिशचं काम करते. मी चेनव्हीलच्या एका दातापासून सुरुवात केली. आधी तपकिरी पाणी आलं, मग करडं, मग फडक्याने पुसलं तर खाली आरशासारखं क्रोम, त्यात खिडकीचे गज दिसत होते. जवळून बघितलं तर सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके राहिलेले दिसतात, ती ती छिद्रं आहेत, ती जात नाहीत आणि घालवायचा प्रयत्न करू पण नका. हातभर लांबून दिसतच नाहीत. फॉइलचा बोळा काळा झाला की बदलायचा, चेनव्हीलच्या खाचांमध्ये फॉइल आइस्क्रीमच्या काडीवर गुंडाळून घातली.

क्रोमवर काय नको ते पण ऐका. पॉलिश पेपर नको, एकदा फिरवला की कायमचे ओरखडे. आणि टॉयलेट क्लीनर तर मुळीच नको, त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, ते क्रोम विरघळवतं, आणि त्याच्या वाफेने आजूबाजूच्या लोखंडी वस्तू पण गंजतात. बाथरूममध्ये हे काम करत असाल तर ब्लीचिंग पावडर आधी बाहेर नेऊन ठेवा, ॲसिड आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो. आणि क्रोमचे पापुद्रे सुटलेच असतील तर ते घरी परत चढत नाही, ते प्लेटिंगवाल्याकडचं काम, त्यातली रसायनं घरात आणायची नाहीत. आमच्या हँडलला ब्रेकच्या क्लॅम्पखाली असा एक पट्टा आहे, तिथे गंज काढून मेण लावून ठेवलंय.

रिमच्या बाबतीत एक सूचना. रॉड ब्रेकचे रबर रिमच्या आतल्या बाजूला, म्हणजे तारांकडच्या बाजूला टेकतात. सगळी रिम साफ झाल्यावर त्या पट्ट्याला तेल किंवा मेण लागलेलं असेल तर स्पिरिटने पुसून टाका, नाहीतर ब्रेक लागणारच नाही. बाकी साफ केलेल्या सगळ्या लोखंडाला तेल पाहिजे, फक्त या पट्ट्याला नको.

रंगवलेले पार्ट म्हणजे फ्रेम, मडगार्ड, कॅरिअर, चेनकव्हर. जुना रंग जितका शाबूत आहे तितका ठेवायचा असं माझं ठाम मत आहे. मडगार्डवरच्या सोनेरी रेघा एकदा गेल्या की गेल्या. फक्त गंजाच्या जागी काम केलं, आणि तेही ओल्या वॉटर पेपरने, कोरडं घासलं नाही. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या काळातल्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे ती धूळ उडू द्यायची नाही, मास्क लावायचा, आणि चिखल पेपरात गोळा करून टाकायचा. लहान मुलं जवळपास नकोत. खोल खड्ड्यांमध्ये जिथे पेपर पोचत नाही तिथे रस्ट कन्व्हर्टर लावला, त्यात फॉस्फोरिक ॲसिड असतं, उरलेल्या गंजाचं काळपट फॉस्फेट होतं आणि त्यावर प्रायमर चांगला धरतो. मग रेड ऑक्साइड प्रायमर, मग काळा एनॅमल, बारीक ब्रशने तेवढ्याच जागी.

इलेक्ट्रोलिसिसबद्दल बरेच जण विचारतात. धुण्याच्या सोड्याचं पाणी, १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर, निगेटिव्ह पार्टला आणि पॉझिटिव्ह भंगारातल्या लोखंडाला. पद्धत खूप चांगली आहे, चांगलं लोखंड खात नाही, पण हायड्रोजन निघतो म्हणून उघड्यावरच करावी लागते, पॉझिटिव्हला स्टेनलेस स्टील लावलं तर पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं, आणि क्रोमचे पार्ट त्यात टाकायचे नाहीत. फ्लॅटच्या बाल्कनीत मी ती केली नाही.

पुढचा बिल्ला पितांबरीने नाही, नुसत्या साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुतला, कारण त्यातला रंग मला जाऊ द्यायचा नव्हता. डायनामोची बाटली आतून संपलेली होती, आणि ब्रेकची एक सळी वाकून तिचे आटे गेले होते. बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेत जुना बाजार भरतो तिथे शोधल्यावर सळी मिळाली, तिच्यावर पण गंज होता, तिला टबाचा आणि फॉइलचा दोन्हीचा प्रसाद मिळाला.

उरलेलं सायट्रिकचं पाणी फेकताना त्यात खायचा सोडा फसफसणं थांबेपर्यंत घाला आणि मग भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडा. झाडांच्या कुंड्यांमध्ये ओतू नका. ते पाणी सांडून फरशीवर राहिलं तर कडप्प्यावर आणि संगमरवरावर डाग पडतात, म्हणून टबाखाली जुनं प्लास्टिक अंथरा.

आता सायकल जोडून झालीये, मागचं चाक काका ट्रू करून देतायत, म्हणजे तारा आवळून सरळ करतायत. पावसाळ्यासाठी मी ठरवलंय ते असं, भिजून आली की कोरड्या फडक्याने पुसायची, क्रोमवर महिन्यातून एकदा गाडीचं मेण, ब्रेकच्या सळ्यांच्या प्रत्येक सांध्यात तेलाचा एक थेंब, आणि सीटचा पाइप वर्षातून एकदा बाहेर काढून ग्रीस लावून परत घालायचा, कारण तो एकदा आत धरला की कोणाच्या बापाला निघत नाही. जिन्याखालची जागा बदललीये, आता ती वरच्या मजल्यावर आमच्या दाराबाहेर राहील, सेक्रेटरींशी बोलून झालंय.